टिकली उजव्या हाताला

नारपोली, भिवंडी
५ जून १९८८

चि. केसरीनाथ,

दुआ.

तुझा पुण्याचा पत्ता खारबावला जाऊन तुझ्या आक्काकडून आणला. ती म्हणाली, "बाई, पत्र लवकर टाका, तो पत्त्यावर फार दिस टिकत न्हाय." हे तुझ्या सख्ख्या बहिणीचं मत. माझं मत तुला आठवीपासून माहीत आहे.

कामाचं लिहिते. तुझ्या आजोबांनी नारपोलीच्या नाक्यावरची खोली वाचनालयाला दिली होती, ती तुला आठवत असेल. चौऱ्याऐंशीत गावात जी दंगल झाली, त्यानंतर तिला कुलूप लागलं ते लागलंच. मार्चमध्ये मी शाळेतून निवृत्त झाले आणि ठरवलं की ते कुलूप आपण काढायचं. तुझे भाऊकाका आता मालक. त्यांनी कुरकुर न करता किल्ली दिली. मराठी पुस्तकं आतच होती, वाळवीने चाखलेली. उर्दू पुस्तकं नूर मोहम्मद चाचांनी आणून दिली. हे मूळचे उत्तरेकडच्या मऊ गावचे, पण जन्म इथल्या यंत्रमागांवर, लूमवर गेला. त्यांच्या गल्लीतलं वाचनालयही तेव्हाच बंद पडलं होतं. पुस्तकं त्यांनी घरातल्या ट्रंकांत जपली. ट्रंका खोलीत आल्या तेव्हा मला वाटलं, झालं काम.

मी दोन कपाटं लावली. डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. सोपं आणि स्वच्छ. लोक आले, आणि मराठीवाले डाव्या कपाटाला चिकटले, उर्दूवाले उजव्या. मधला बाक रिकामा. आता तर वेळाही वाटून घेतल्यात, सकाळी हे आणि संध्याकाळी ते. एकमेकांच्या चपलासुद्धा दिसत नाहीत.

परवा भाऊ आले. दारातच उभं राहून म्हणाले, "माज्या बापानं ही खोली सगल्यांना दिली व्हती. दोन टोल्या करून बसनार असाल तं मी लूमच बसवतो हितं. निदान आवाज तरी एक येल." दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. दिवाळीला दोन्हीकडची माणसं एकत्र बसलेली दिसली तर खोली वाचनालयाची, नाहीतर लूमची.

तू वर्गात माझं डोकं खायचास. "बाई, हे असंच का लावायचं, तसं का नाही?" आता त्या प्रश्नाचं खरं काम निघालंय. ये इकडे. मला हात हवे आहेत, विचार नकोत.

तुझी बाई,
खुर्शीद

*

पुणे
१७ जून १९८८

आदरणीय बाईंना,
केसरीनाथचा शि. सा. नमस्कार.

हात सध्या डिंकाने बरबटलेत, म्हणून विचारच पाठवतो. रागावू नका.

कॉलेजात पुन्हा प्रवेश घ्यायला म्हणून पुण्याला आलो होतो, हे आक्काने सांगितलं असेलच. रांगेत उभा होतो. पुढून एक प्राध्यापक वाळलेल्या झाडपाल्याचे गठ्ठे घेऊन चालले होते, गठ्ठा सुटला, पानं उडाली. मी गोळा करायला धावलो आणि रांग राहिली ती राहिलीच. आता त्यांच्याकडेच आहे. दिवसभर वाळलेली झाडं कागदावर चिकटवतो. सरांच्या घरी जेवायला बसलं की आमटीतल्या शेंगेलासुद्धा लॅटिन नाव असतं. काकू म्हणतात, "आधी खा, मग बारसं कर."

पण बाई, इथे एक गोष्ट कळली आणि ती थेट तुमच्या कपाटाची आहे. लाजाळू, बाभूळ, चिंच आणि भुईमूग एका घराण्यातले आहेत! मी सरांना म्हटलं, काहीतरीच काय. एकाला काटे, एक हात लावला की मिटतं, एकावर आपण पोरं चढायचो, एक तर जमिनीत जाऊन बसतो. सर म्हणाले, "उंची बघू नकोस, काटे बघू नकोस. शेंग बघ." बघितलं, तर चौघांना शेंग. तेव्हापासून मी रस्त्याने जातो तो फक्त शेंगा बघत. परवा सायकलवाल्याने शिव्या घातल्या.

तर सांगायचं असं. लिपी म्हणजे झाडाचे काटे. तुम्ही काट्यांवरून कपाटं लावलीत. पुस्तक कशाबद्दल आहे ही त्याची शेंग. मोटर दुरुस्तीचं मराठी पुस्तक आणि मोटर दुरुस्तीचं उर्दू पुस्तक शेजारी ठेवा, ती सख्खी भावंडं आहेत. मग मोटर बिघडलेली माणसंही शेजारीशेजारी येऊन उभी राहतील. याबाबत माझ्या मनात शंका नाही.

येतो लवकरच. एवढी शेंगवाली झाडं संपली की.

आपला विद्यार्थी,
केसरीनाथ

*

नारपोली
१० जुलै १९८८

चि. केसरीनाथ,

दुआ. शेंगांची गोष्ट पटली. इतकी वर्षं गणिताच्या तासाला राशींचे गट पाडायला शिकवलं आणि स्वतःच्या कपाटाला ते लावलं नाही, याची मला लाज वाटायला हवी होती. त्याऐवजी हसू आलं.

भाषेची कपाटं मोडली, विषयांची मांडली. मदतीला विठू येतो. तुझ्या खारबावचाच, लूम दुरुस्त करतो, शिफ्ट सुटली की हात धुऊन हजर. सगळ्या पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर घातलं, कारण काही पुस्तकांची चामडी पाहूनच लोक ती कोणाची ते ठरवत होते.

पण आता नवीन डोकेदुखी. मी शहाणपणाने जिल्ह्याच्या ग्रंथालयातून वर्गीकरणाचं पुस्तक आणलं. त्यात जगातल्या सगळ्या ज्ञानाला आकडे दिलेत, आणि आकड्यांना दशांश चिन्हं, आणि दशांशानंतर पुन्हा पोटभेद. मला मजा आली. विठूला घाम फुटला. 'कोंबडीपालन' त्याने स्वयंपाकात ठेवलं. मी विचारलं तर म्हणतो, "बाई, शेवटी तिथंच तं जानार." चाचा हकिमी नुस्ख्यांचं पुस्तक धर्माच्या फळीवर ठेवतात, कारण "शिफ़ा तो ऊपरवाला देता है," रोग बरा करणारा तोच. दोघांचंही चुकलं असं मला ठामपणे म्हणता येईना.

ही मांडणी बरोबर आहे पण चालत नाही. लोक पुस्तक शोधतात, सापडत नाही, निघून जातात. सोपं कसं करू? तुझ्या झाडवाल्या सरांना विचार. आणि तू कधी येणार, ती तारीख लिहिली नाहीस, ते माझ्या लक्षात आलं आहे.

खुर्शीद

*

मुक्काम जुन्नर
४ ऑगस्ट १९८८

आदरणीय बाईंना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पुण्याहून फिरत इथे आलं. झाडवाले सर सुटले. म्हणजे मी सुटलो. त्यांचं एक पुडकं भूगोलवाल्यांकडे पोचवायला गेलो होतो, तिथे एक बाई भिंतीएवढा नकाशा काढत होत्या. पाहत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "उभाच आहेस तर पट्टी धर." ती पट्टी धरून आता जुन्नरच्या डोंगरात आलोय. झाडवाल्या सरांचं पुडकं पोचवलं, एवढं मात्र नक्की.

इथला चहा गुळाचा असतो. ते जाऊ द्या.

नकाशाची गोष्ट ऐका. एक हुशार विद्यार्थी आहे, त्याने कुकडी नदीचं एकूण एक वळण काढलं. सुंदर काढलं. मॅडमनी खोडरबर घेतलं आणि अर्धी वळणं पुसून टाकली. त्याच्या डोळ्यांत पाणी! मॅडम म्हणाल्या, "नदी दाखवायची की तुझा हात? जो हा नकाशा घेऊन निघेल त्याला काय लागणार, तेवढं ठेव. बाकीचं नदीकडे आहेच." बाई, मी ते ऐकून पट्टी खाली ठेवली आणि एक फेरी मारून आलो. म्हणजे झाडवाले काटे टाकतात आणि शेंग ठेवतात. नकाशावाले वळण टाकतात आणि वाट ठेवतात. धंदा एकच आहे! तुम्हीही फळ्यावर तेच करायचात, अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यायचात. मला तेव्हा वाटायचं की बाईंना खडू वाचवायचा असेल.

तर तुमचे दशांश पुसा. नारपोलीचा माणूस वाचनालयात कशासाठी येतो? हाताचं काम शिकायला, दुखण्यावर औषध बघायला, देवाचं वाचायला, गोष्ट वाचायला, नाहीतर पोराच्या परीक्षेसाठी. संपलं. प्रत्येकाला एक रंग. पतंगाच्या कागदाच्या गोल टिकल्या कापा आणि मुखपृष्ठाच्या मधोमध चिकटवा. आकडा नाही, अक्षर नाही, म्हणजे कोणाची लिपी पहिली हा प्रश्न नाही. कोंबडी 'हाताचं काम'मध्ये, विठूला सांगा.

आणि मांडणाऱ्यांसाठी एकच नियम ठेवा, विचारच करायला नको असा. पुस्तक फळीवर उभं करताना कणा आपल्याकडे आणि टिकली उजव्या हाताला. मी इथल्या रजिस्टरांवर करून पाहिलं. टिकली उजवीकडे आली की पुस्तक सुलटंच उभं राहतं, उलटं होऊच शकत नाही. एक नियम, सगळ्यांना लागू. लिहून घ्या, हा केसरीनाथचा सिद्धान्त.

पावसाने डोंगर मोकळा केला की येतोच.

केसरीनाथ

*

नारपोली
१८ सप्टेंबर १९८८

केसरीनाथ,

टिकल्या लावल्या होत्या. लोकांना आवडल्या. दोन आठवडे बाक भरला होता, हे तुला कळवायचं राहूनच गेलं.

मग माझे गुडघे. भावजयीने धरून गणेशपुरीला नेलं, गरम कुंडाच्या पाण्यात बसायला. जाताना सगळी पुस्तकं नव्या फळ्यांवर चढवायचं काम विठूवर सोपवलं आणि तुझा नियम त्याच्याकडून पाठ करून घेतला.

परत आले तर अर्ध्या फळ्या मोकळ्या. चाचा सगळी उर्दू पुस्तकं पोत्यांत भरून घरी घेऊन गेले. झालं असं, की ते संध्याकाळी आले, देवाधर्माच्या फळीवरून एक पुस्तक काढलं, ते उलटं. दुसरं काढलं, उलटं. गोष्टींची, नुस्ख्यांची, सगळी उर्दू पुस्तकं डोक्यावर उभी. मराठी एकूण एक सुलटी. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "एक-दो होतीं तो भूल समझता." बरोबरचे तरुण मात्र चूप राहिले नाहीत.

विठू माझ्यापुढे उभा राहून रडवेला झाला. "बाई, आयची आन, मी तुमी सांगितलं तसंच केलं." त्याला मी लहानपणापासून पाहते. चाचांनाही ओळखते. कोण खोटं बोलतंय? मी पुस्तकं फळीवर पाहिलीच नाहीत, फक्त मोकळ्या फळ्या पाहिल्या. काल भाऊंचा माणूस येऊन खोलीची लांबी-रुंदी बघून गेला. उर्दूवाला एकही वाचक येत नाही, आणि आता मराठीवालेही आत यायला बिचकतात.

मी थकलेली नाही. पण पहिल्यांदाच मला कळत नाहीये.

खुर्शीद

*

जुन्नर
२४ सप्टेंबर १९८८

आदरणीय बाईंना,

आज डिंक नाही, नकाशा नाही, चहासुद्धा नंतर. आधी उत्तर.

विठू खरं बोलतोय. चाचाही खरं बोलतायत. खोटा आहे तो माझा सिद्धान्त.

तुमचं पत्र वाचून मी बाजारपेठेत गेलो. चाव्या बनवणाऱ्या हबीबाबींच्या दुकानात त्यांच्या नातीचं उर्दू वाचनाचं पुस्तक होतं. मागून घेतलं, तिथेच कव्हर घातलं, मुखपृष्ठावर टिकली लावली. आणि विठूने जे केलं असेल ते केलं, टिकली उजव्या हाताला धरून फळीवर उभं केलं. हबीबाबी ओरडल्या, "अरे किताब उलटी क्यूँ रख दी?" मी म्हटलं, सुलटी आहे. त्या म्हणाल्या, "उलटी है, अंधे."

बाई, उर्दू पुस्तक आपल्या उजवीकडून उघडतं. त्याचं मुखपृष्ठ तिथे असतं जिथे आपलं पाठपृष्ठ. ते सुलटं उभं केलं तर टिकली डावीकडे येते. ती उजवीकडे आणायची तर त्याला डोक्यावरच उभं करावं लागतं. विठूने नियम मोडला असता तर काही बिघडलं नसतं. त्याने इमानाने पाळला म्हणून बिघडलं.

तुम्हाला हे सुचलं नाही, कारण तुम्हाला दोन्ही येतं. तुमचा हात न विचारता वळतो. मला उर्दूचा अलिफही येत नाही, म्हणून मी विठूच्या हाताने विचार करू शकतो. अडाण्याचा एवढा तरी उपयोग.

आता चाचांना समजावून सांगू नका, सांगितलेलं बचावासारखं वाटतं. मराठी पुस्तकांचा गठ्ठा, खाकी कव्हरं आणि टिकल्यांसकट, त्यांच्या दारात न्या. एक खोकं उभं करा. म्हणावं, चाचा, तुम्ही तुमची लावता तशी लावून द्या. बाकी गप्प बसा.

आणि फळीचं नवीन डिझाइन. तुम्ही फळ्यावर संख्यारेषा काढायचात, मध्ये शून्य. तशी प्रत्येक रंगाची फळी करा. मराठी डाव्या टोकाकडून सुरू, उर्दू उजव्या टोकाकडून, दोन्ही शून्याकडे चालत येणार. टिकली दोन्हीकडच्या पुस्तकांची मध्याकडे बघेल. नियम एकच राहतो बघा, टिकली मध्याकडे! मराठी पुस्तकाची उजवीकडे, उर्दूची डावीकडे, आणि दोन्ही सुलटी. मी चार वेळा करून पाहिलंय, या वेळी हबीबाबींच्या देखरेखीखाली.

खोली जाणार नाही. मी सांगतो ना.

केसरीनाथ

*

नारपोली
१६ नोव्हेंबर १९८८

चि. केसरीनाथ,

दुआ. दिवाळी होऊन गेली. मुद्दाम थांबले होते, अर्धवट निकाल मी कधी लावत नाही.

चाचांकडे गेले. विठू गठ्ठा डोक्यावर घेऊन मागे, मेलेल्या चेहऱ्याने. चाचा लूमच्या शेडबाहेर खाटेवर बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, विठूला नाही. मी खोकं उभं केलं आणि म्हटलं, "चाचा, ये मराठी की हैं. ज़रा लगा दो, जैसे अपनी लगाते हो." त्यांना काम दिलं की नाही म्हणता येत नाही. मन लावून लावली. कव्हरावरची टिकली बघायची, डाव्या हाताला घ्यायची, पुस्तक उभं करायचं. व्यवस्थित रांग लावली, वरून हात फिरवून समान केली.

मग मी विठूला म्हटलं, एक काढून वाच. त्याने काढलं, उघडलं आणि पुस्तक हातातच गरकन फिरवलं. दुसरं काढलं, तेही फिरवलं. आणि हा गाढव, जो आठवडाभर रडत होता, तो खो खो हसत सुटला. "चाचा, सगली शीर्षासन करतायत!"

चाचा उठून जवळ आले. पानं पाहिली. "मैंने तो सीधी ही रखी थीं."

मी म्हटलं, "विठू ने भी सीधी ही रखी थीं, चाचा."

त्यांनी एक पुस्तक सुलटं करून खोक्यात परत ठेवलं. मग विठूला म्हणाले, "बैठ. खड़ा क्यूँ है?" आणि आत वळून चहा सांगितला. उर्दू पुस्तकांची पोती परत न्यायला विठूने उचलली तर म्हणाले, "आहिस्ता, उसमें मेरे वालिद की किताबें हैं." त्याच पोत्याचं एक टोक त्यांनी स्वतः धरलं.

तुझी संख्यारेषा लावली. एक सांगते, संख्यारेषेवर संख्या शून्यापासून बाहेर जातात, शून्याकडे चालत येत नाहीत. नववीत हेच चुकवलं होतंस. पण फळीवर तुझीच रेषा चालते, तेव्हा राहू दे. आणखी एक. आठवीत तू अंशातलं काहीही छेदातल्या कशाशीही काटायचास. मी ओरडायचे, जे दोन्हीकडे सामाईक आहे तेवढंच काटायचं असतं. या वेळी तुझ्यामागोमाग मीही काटून बसले. उजवा हात दोघांचा सामाईक नव्हता. मध्य आहे.

आता भाऊ. भाऊबीज उलटल्यावर ते मोजायची टेप आणि फिटर घेऊन आले. खोलीत विठू आणि चाचा हाताच्या कामाच्या फळीजवळ बाकावर बसले होते. विठूकडच्या मोटर दुरुस्तीच्या मराठी पुस्तकात मजकूर चांगला होता, चाचांच्या उर्दू पुस्तकात आकृत्या. दोन्ही मांडीवर, मध्ये जळकी मोटर. बाकी बाकही भरलेले, परीक्षेची पोरं, दोन-तीन म्हातारे, माझी भावजय. भाऊ दारातून मोठ्याने म्हणाले, "चला, उठा जरा, मोजायचं हाय."

कोणी उठलं नाही. विठूने वर न बघता सांगितलं, "भाऊ, हलू बोला. हितं वाचतायत."

"आरं पन खोली माजी हाय!"

"हाँ सेठ, कमरा आपका है," चाचा म्हणाले, "लेकिन ये पन्ना पूरा होने दो."

फिटर टेपचं टोक धरून भिंतीशी उभा. दुसरं टोक कुठे टेकवायचं? बाकाखालून न्यावं तर पाय, एकात एक गुंतलेले, कोणाचे कोणते ते कळेना. भाऊ टोपी काढून माझ्या स्टुलावर बसले. पन्ना पूर्ण झाला, पुढचा सुरू झाला. भाऊंनी हात लांब करून जवळच्या फळीवरून एक पुस्तक काढलं. तुझ्या आजोबांची सही होती आतल्या पानावर. त्यांनी ते वाचलं की नुसतं धरलं, मला माहीत नाही.

जाताना फिटरला म्हणाले, "टेप गुंडाल. लूम मागच्या शेडमधी बसवू. हितं जागा न्हाय."

मला म्हणाले, "त्या पोराला सांगा, त्याच्या आज्याला आवडलं असतं."

सांगितलं. आता तरी ये.

तुझी बाई,
खुर्शीद

*

कोल्हापूर
९ डिसेंबर १९८८

आदरणीय बाईंना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी तीन गावांना वाचून दाखवलं. जुन्नरला मॅडमना, एसटीत शेजारच्या बाईंना (त्या हसता हसता संगमवाडीचा थांबा विसरल्या), आणि इथे तुळशीराम मामांना.

हो, कोल्हापूर. निघालो होतो भिवंडीलाच, खरंच. मॅडमचे फाटके नकाशे बांधून आणायला मध्येच इथे वळलो. तुळशीराम मामा पुस्तकं बांधतात. छापखान्यातून घड्या घातलेले फर्मे येतात, प्रत्येकाच्या कण्यावर एक काळी खूण, आधीच्यापेक्षा किंचित खाली. फर्मे नीट क्रमाने लागले की कण्यावर काळ्या पायऱ्यांचा जिना दिसतो. एक पायरी चुकली की पुस्तक चुकलं. न वाचता कळतं! मामा म्हणाले, शिवण शिकायची असेल तर रहा. राहिलो. आता मला चांगली बांधणी येते. बढाई नाही, मामांनीच सांगितलं, "तू एका जागी बसलास हेच आश्चर्य."

बसलो, कारण एक गोष्ट पक्की झाली. झाडवाले, नकाशावाले, तुम्ही गणितवाले आणि बांधणीवाले सगळे दोनच कामं करता. काहीतरी टाकता आणि उरलेलं लावता. मी इतके महिने लावण्याकडेच बघत होतो, कारण ते दिसतं. टाकलेलं दिसत नाही. आता कुठेही नीटनेटकी रांग दिसली की विचारतो, यात कोणाचा हात टाकून दिला?

येईन. पण रिकाम्या हाताने कशाला येऊ? काही काम असेल तर सांगा.

केसरीनाथ

*

नारपोली
२० फेब्रुवारी १९८९

चि. केसरीनाथ,

दुआ. काम आहे.

जानेवारीत कोणीतरी जुना उर्दू-मराठी शब्दकोश वाचनालयाला दिला. जाडजूड, अर्धा इकडून उघडणारा, अर्धा तिकडून. विठू तो छातीशी धरून फळीसमोर उभा राहिला. डाव्या टोकाकडून लावू तर उर्दू मुखपृष्ठाची मध्याकडे पाठ, उजव्या टोकाकडून लावू तर मराठीची. मुखपृष्ठं दोन, मग टिकली कुठे? चाचा म्हणाले, "इसको मुझे दे." विठू म्हणाला, "तुमी कशाला, हा माज्या बाजूचा पन हाय." दोघं भांडायला लागले. मी खुर्चीत बसून ऐकत राहिले. कित्येक वर्षांत इतकं चांगलं भांडण ऐकलं नव्हतं.

शेवटी मधल्या फळीवर, जिथे तू शून्य म्हणतोस तिथे, तो आडवा ठेवला. टिकली लावली नाही.

खोलीत बाकीची पुस्तकं धडधाकट आहेत. हा एकच महिन्याभरात फाटला. विठू एकेक अक्षर जुळवत चाचांच्या आकृत्यांखालचे शब्द त्यात शोधतो. चाचांना तुझ्या आजोबांच्या सहीच्या त्या मराठी पुस्तकाचा नाद लागलाय. परीक्षेची पोरं पैजा लावून उघडतात. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी सुटलाय आणि मधली शिवण आता धाग्यावर आहे.

पोस्टाने कोल्हापूरला पाठवता येणार नाही. इथे रोज लागतो. तेव्हा सुई, धागा, खळ जे लागतं ते घेऊन बांधणाऱ्यानेच यायचं आहे. जागा कुठे, विचारू नकोस. मधल्या बाकावर जरा सरकायला सांगितलं आहे.

तुझी बाई,
खुर्शीद